पेट्रोल पंप (लघुरेल्वेतील प्रतिकृती)

लघुरेल्वेच्या मांडणीत रुळांजवळच्या रस्त्याकडेला बसवला जाणारा इंधनविक्री केंद्राचा प्रमाणबद्ध नमुना. स्थानक, पूल आणि सिग्नल यांच्याइतका तो मांडणीला अत्यावश्यक नाही. पण मांडणी कोणत्या काळातली आणि कोणत्या मुलखातली हे त्याच्याइतके चटकन दुसरे काही सांगत नाही. इंजिनाचा वर्ग ओळखायला जाणकार लागतो, पंपावरचा रंग आणि भावफलक कोणालाही वाचता येतो.

युरोपात हा नमुना तयार संचाच्या रूपात मिळतो. फालर, फोल्मर, किब्री या जर्मन कंपन्यांनी असे संच काढले. फालरने १९८९ मध्ये रस्त्याखाली पुरलेल्या तारेच्या मागे चुंबकाच्या आधाराने धावणारी वाहने आणली आणि रस्त्याकडेच्या इमारतींचे महत्त्व आणखी वाढले. मराठी मुलखात या छंदाची सर्वांत ठळक खूण म्हणजे पुण्याच्या कोथरूडमधील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले हे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले आणि तिथली मांडणी एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ मध्ये आहे. परदेशी संचातील पंप मात्र भारतीय मांडणीत परकाच दिसतो: दुकान मोठे, कॅनॉपी बुटकी आणि पेट्रोल भरणारा माणूस कुठेच नाही. म्हणून भारतीय पंप हाताने बांधावा लागतो.

नमुन्यासाठी जागा. सुरतेच्या दक्षिणेस, मुंबई–अहमदाबाद मुख्य मार्गावर भेस्तान आणि मरोली यांच्यामध्ये असलेले सचिन हे अशा मांडणीसाठी फार सोयीचे ठिकाण. १७९१ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील शाखेचे संस्थान इथे स्थापन झाले. आज गावाची ओळख गुजरात औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीवरून होते, आणि २०२० पासून ते सुरत महानगरपालिकेत आहे. विजेच्या तारांखालचा रेल्वेमार्ग, सुरत–नवसारी रस्ता आणि कापडाच्या प्रक्रिया-उद्योगांकडे जाणारे ट्रक या तिन्ही गोष्टी एका पाटावर मांडता येतात. जवळच्या उधन्याहून तापी खोऱ्याचा मार्ग जळगावकडे फुटतो. खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे सुरतेच्या औद्योगिक पट्ट्यात राहतात. त्यामुळे पंपावरच्या वाहनांत जीजे ०५ सोबत एमएच १८ आणि एमएच १९ क्रमांकाचे ट्रक हवेतच. १:८७ मध्ये ट्रकची पिवळी पाटी जेमतेम चार मिलिमीटर रुंद होते. आकडे वाचता येत नाहीत, रंग कळतो, आणि तेवढे पुरते.

प्रमाणाचा पेच. एचओ रूळ १६.५ मिमी रुंदीचा असतो. ८७ पट केल्यावर तो १,४३५ मिमी होतो, ही युरोप-अमेरिकेतील प्रमाणित रुंदी. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिमी आहे. खरे तर १:८७ मध्ये रुळांतले अंतर १९.३ मिमी हवे. बाजारातला रूळ ब्रॉडगेज मानायचा, तर प्रमाण सुमारे १:१०२ वर जाते आणि साडेपाच मीटर उंचीची कॅनॉपी ६३ ऐवजी ५४ मिमी करावी लागते. मग तयार मिळणाऱ्या १:८७ च्या मोटारी त्याखाली फुगलेल्या दिसतात. बहुतेक छांदिष्ट रूळ अरुंद आहे हे मान्य करून बाकी सगळे १:८७ मध्ये ठेवतात, आणि तेच शहाणपणाचे. रुळाची रुंदी मोजायला कोणी वाकत नाही. माणूस आणि मोटार यांचे नाते चुकले की लगेच डोळ्यांत खुपते. खेळण्यांच्या दुकानातल्या धातूच्या मोटारी बहुधा १:६४ च्या आसपास असतात. त्या कितीही देखण्या असल्या तरी पंपावर उभ्या करू नयेत.

दुसरा पेच जागेचा. महामार्गाकाठच्या ३५ मीटर लांबी-रुंदीच्या भूखंडाला १:८७ मध्ये ४० सेंटिमीटरचा चौरस लागतो. घरगुती मांडणीत एवढी जागा पंपाला दिली तर गाडी कुठून धावणार? म्हणून मोकळ्या प्रांगणाला कात्री लावतात: भूखंड २५ सेंटिमीटरवर आणायचा, पण कॅनॉपीची उंची, डिस्पेन्सर आणि दोन डिस्पेन्सरमधून ट्रक जाण्याची वाट यांना हात लावायचा नाही. आणखी एक गोष्ट आखणीतच पाहावी. रेल्वेच्या विजेची तारही रुळांपासून साधारण साडेपाच मीटर उंच असते. कॅनॉपी तिला समांतर आणि जवळ ठेवली तर दोन्ही रेषा एकमेकींत मिसळतात. कॅनॉपी थोडी तिरकी बसवावी. पंपाचे तोंड नेहमी रस्त्याकडे, पाठ रुळांकडे आणि मध्ये भिंत.

बांधणी. पायासाठी एमडीएफ, इमारतीसाठी सनबोर्ड किंवा प्लास्टिकची पातळ शीट, खांबांसाठी प्लास्टिकच्या चौकोनी नळ्या हे साहित्य पुरते. सुरतेत कापडासाठी लेसर-कटिंगची यंत्रे पुष्कळ चालतात. तशा यंत्रावर पातळ एमडीएफही नेमके कापून मिळते. कॅनॉपीचे छत बाहेरून सपाट दिसले तरी त्याच्या कडेची पट्टी सुमारे एक मीटर उंच, म्हणजे ११ ते १२ मिमी असते आणि कंपनीचा रंग याच पट्टीवर असतो. डिस्पेन्सर ज्या ओट्यावर उभे असतात तो दोन मिमी जाडीचा करून त्याची कड पिवळ्या-काळ्या पट्ट्यांनी रंगवतात. होजसाठी ०.३ मिमीची काळी तार वापरावी. दोरा वापरू नये; त्याचे तंतू फुलतात आणि तो स्वतःच्या वजनाने झुकत नाही.

जमीन हाच या नमुन्याचा गाभा आहे, आणि नवशिके नेमके तिथेच हात आखडतात. डिस्पेन्सरजवळ काँक्रीट, त्यापलीकडे पेव्हर ब्लॉक, रस्त्याला लागून डांबर असे तीन पृष्ठभाग वेगळे दिसायला हवेत. डांबरासाठी बारीक पॉलिश पेपर, ब्लॉकसाठी छापलेला कागद चालतो. काँक्रीटवर तेलाचे डाग चकचकीत काळ्या रंगाने, टायरच्या खुणा खडूच्या भुकटीने. पण डाग जिथे दुचाकी थांबते तिथेच, सगळीकडे नव्हे. भूमिगत टाक्या दिसत नाहीत, त्यांची झाकणे दिसतात. त्यांच्या हवा-नळ्या भिंतीशी उभ्या असतात: उंची सुमारे चार मीटर, म्हणजे ४६ मिमी. या नळ्या नसलेला पंप जाणकाराला बसथांब्यासारखा वाटतो.

बारकाव्यांत वाळूच्या लाल बादल्या, अग्निशामक, हवा भरण्याचे यंत्र, घनतेचा फलक आणि मापाची खात्री करण्यासाठी ठेवलेले पाच लिटरचे भांडे यायला हवे. सुरत परिसरात सीएनजीची बाजूही दाखवावी. रिक्षांची रांग हीच तिची खूण, सुमारे २.६ मीटरची रिक्षा १:८७ मध्ये ३० मिमीची होते आणि आठ-दहा रिक्षांनी रस्त्याची एक कड भरून जाते. सिलिंडरांचा संच, म्हणजे कॅस्केड, जाळीच्या कुंपणाआड ठेवावा.

काळ. चुका बहुधा इथे होतात. बर्मा-शेलचा पंप १९७६ पर्यंतच. त्या वर्षी राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७७ मध्ये भारत पेट्रोलियम हे नाव आले. एस्सो १९७४ मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये गेली, कॅल्टेक्स १९७८ मध्ये. भारतीय ब्रॉडगेजवरील नियमित वाफेची इंजिने १९९५ मध्ये थांबली, तेव्हा वाफेच्या गाडीशेजारी आजचा डिजिटल भावफलक ठेवणे म्हणजे दोन काळ एकत्र कोंबणे. भाव रोज बदलण्याची पद्धत देशभर १६ जून २०१७ पासून आली. त्याआधीच्या मांडणीत हाताने बदलायच्या आकड्यांची पाटीच शोभते. फिरत्या आकड्यांचा जुना यांत्रिक पंप आणि मागे कौलारू खोली हा १९७० च्या आसपासचा देखावा बांधायला सोपाही आहे, कारण त्याला मोठी कॅनॉपी लागत नाही.

प्रकाश. कॅनॉपीच्या आतून खाली येणारा थंड पांढरा उजेड हे आधुनिक पंपाचे रात्रीचे लक्षण. १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर तीन पांढरे एलईडी एका ओळीत जोडून ३३० ओहमचा रोधक लावला की सुमारे ९ मिलिअँपिअर प्रवाह मिळतो, आणि एवढा उजेड पुरतो. छताला आतून आधी काळा आणि मग पांढरा रंग द्यावा. नाहीतर प्लास्टिकमधून उजेड वर झिरपतो. विक्रीखोलीत पिवळसर दिवा, आणि तोही कॅनॉपीपेक्षा मंद. तारा खांबाच्या नळीतून पाटाखाली न्याव्यात. कॅनॉपी खांबांना न चिकटवता नुसती बसवावी, म्हणजे दिवा गेला की ती उचलून दुरुस्त करता येते.