एम्प्रेस गिरणीचा हिशेब

‘उत्पादकता’ हा शब्द आपल्या व्यवहारात रुळून फार काळ लोटलेला नाही. 1956 साली विक्रम साराभाईंच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ जपानचे कारखाने पाहून आले आणि 1958 च्या फेब्रुवारीत भारत सरकारने राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन केली. तेव्हापासून हा शब्द कचेऱ्यांच्या भिंतींवर आणि पाहुण्यांच्या भाषणांत वावरू लागला. 12 ते 18 फेब्रुवारी हा त्याचा सप्ताह. परंतु ज्याच्या हातून उत्पादन व्हायचे, त्या कामगाराच्या कानाला हा शब्द गोड लागतो, असे मला कधी आढळले नाही. ‘अधिक राबा’ एवढाच अर्थ तो त्यातून काढतो.

हा त्याचा अडाणीपणा नव्हे. 1928 साली मुंबईच्या गिरणीमालकांनी कार्यक्षमतेच्या नावाखाली दोन मागांच्या विणकराला तीन माग आणि एका बाजूच्या कातणाऱ्याला दोन बाजू सांभाळायला लावायचे ठरविले. वाढलेल्या कामातले आपल्या पदरात काय पडणार, आणि ज्याचा माग दुसऱ्याकडे गेला त्याने कोठे जायचे, हे कामगाराचे प्रश्न होते. सुमारे सहा महिने मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या. उत्पादकतेविषयीचा संशय तेव्हापासून कामगाराच्या मनात घर करून आहे.

पण याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने भिडलेली एक गिरणी आमच्या नागपुरात होती, आणि तिची गोष्ट मुंबईच्या त्या संपाहून अर्धशतक आधीची आहे. जमशेटजी टाटांनी नागपूर निवडले, कारण कापूस जवळ, कोळसा जवळ आणि 1867 पासून रेल्वे दाराशी. जुम्मा तलावालगतची दलदलीची जमीन भरून काढताना पाहून एका सावकाराने ‘हा माणूस सोने मातीत घालतो आहे’ म्हणून भांडवल द्यायचे नाकारले, असे सांगतात. 1 जानेवारी 1877 रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि ‘एम्प्रेस’ हे नाव तिला चिकटले. व्यवस्थापक बेझनजी मेहता रेल्वेतून आलेले. गिरणीचे त्यांना ज्ञान नव्हते. यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी हे इंग्रज तंत्रज्ञ पाहत.

सुरुवात बेताचीच झाली. स्वस्तात घेतलेली यंत्रे नीट चालेनात, तेव्हा ती बदलून चांगली आणली गेली. लँकाशायर आपल्या जुन्या म्यूल यंत्रांना धरून होते, त्या काळात नागपुरात रिंग पद्धतीच्या चात्यांचे प्रयोग झाले आणि त्यांतून सूत अधिक निघू लागले. नागपूरचा उन्हाळा कोरडा. कोरड्या हवेत धागा वारंवार तुटतो. म्हणून खात्यांत हवा दमट ठेवणारी यंत्रे बसविली. कातणाऱ्याला त्यामुळे जरा बरा श्वास मिळाला आणि गिरणीला तुटीचा माल कमी झाला. एकाच उपायाने दोघांचे साधले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

खरी अडचण हजेरीची होती. गावाकडे शेती असलेला माणूस पेरणी आली, लग्न निघाले, की गिरणीत दिसत नसे. दंड करणे हा त्या काळचा राजमार्ग. जमशेटजींनी तो सोडून नियमित येणाऱ्यांना बक्षिसे सुरू केली. 1886 मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी काढला, 1895 पासून अपघाताची भरपाई दिली आणि 1901 मध्ये भविष्यनिर्वाह निधी उभारला. भरपाईचा कायदा देशात 1923 साली झाला आणि भविष्यनिर्वाह निधीचा 1952 साली. हा धर्मादाय नव्हता. गिरणी नफ्यासाठीच होती आणि तिने भागधारकांना भरपूर नफा दिलाही. माणूस टिकला तर काम टिकते, एवढे ओळखलेला तो चोख हिशेब होता.

तरीही वाद मिटला नाही. पुढे रुईकरांसारख्या पुढाऱ्यांनी नागपूरच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि इथेही संप झाले. मला यात नवल वाटत नाही. बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीवर असते. कामगाराला हवा होता तो हक्काचा वाटा. बेझनजींच्या काळात जे मालकाच्या शहाणपणावर अवलंबून होते, ते करारात उतरावे, एवढेच संघटनेचे म्हणणे होते.

राष्ट्रीय उत्पादकता परिषदेचे मोल मला इथे दिसते. तिच्या रचनेत सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांच्या प्रतिनिधींना जागा दिली गेली. जपानने 1955 मध्ये आपले उत्पादकता केंद्र काढताना तीन तत्त्वे मांडली होती: नोकरी टिकवणे, कामगारांशी सल्लामसलत आणि लाभाची न्याय्य वाटणी. आपल्या परिषदेनेही वाढलेल्या उत्पादनाचे फळ भांडवल, श्रम आणि ग्राहक यांत वाटले जावे, ही भूमिका घेतली. परिषदेच्या तज्ज्ञांनी वेळ मोजली, हालचाली मोजल्या, वाया जाणारा माल मोजला. ही विद्या उपयोगाची आहे. पण वाटणीचे कलम बाजूला पडले की तीच विद्या 1928 च्या तिसऱ्या मागासारखी भासू लागते.

एम्प्रेसचा शेवटही सांगितला पाहिजे. 1986 मध्ये ती टाटांच्या हातून गेली, राज्य वस्त्रोद्योग महामंडळाने काही वर्षे चालविली आणि 2002 मध्ये तिचा भोंगा कायमचा थांबला. आज त्या जागेवर त्याच नावाचा मॉल उभा आहे. जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा आणि साचलेला तोटा ही त्या काळातल्या बहुतेक जुन्या कापड गिरण्यांची दुखणी होती. त्यांचा बोजा अखेर ज्याच्यावर पडला, तो कामगार कोणत्याच तक्त्यात मोजला गेला नव्हता.

म्हणून सप्ताहातल्या व्याख्यानांना माझे एवढेच मागणे आहे. दर तासाला किती माल निघाला हे जरूर सांगा. पण वाढलेल्या मालातून कामगाराच्या घरी काय गेले, आणि यंत्र बदलले तेव्हा त्याची सोय काय लागली, हे दोन आकडेही त्याच तक्त्यात लिहा. जमशेटजींनी नफ्यासाठी का होईना, पहिल्या आकड्याची दखल घेतली होती. दुसरा आकडा मांडायचे काम अजून आपल्याकडे आहे.