झुबिन मेहता: मुंबईहून लॉस एंजेलिसपर्यंत (१९५४–१९६५)

‘कंडक्टर’ म्हटले की आपल्यापुढे एसटीतला तिकिटे देणारा उभा राहतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा कंडक्टर, म्हणजे संचालक, शंभरेक वादकांपुढे हातात छोटी काठी घेऊन उभा असतो, आणि मंचावर एकही सूर न काढणारा माणूस तोच असतो. इथे चंडीगडला अभियांत्रिकीच्या वर्गात हे सांगितले की मुले हमखास विचारतात, मग तो नसला तर काय बिघडेल?

सोप्या जागी फारसे बिघडणार नाही. पण मागच्या रांगेतल्या वादकाला शेजाऱ्याचेच वाजवणे मोठे ऐकू येते. लय बदलते तिथे, किंवा पितळी वाद्ये व्हायोलिनांना झाकून टाकतात तिथे, सगळे मिळून कसे ऐकू येते आहे हे सांगणारा कुणीतरी लागतो. हे काम मुख्यतः तालमीत होते. मैफलीत आपण पाहतो तो त्याचा शेवट.

आता अडचण पाहा. व्हायोलिन शिकणारा घरी बसून सहा तास रियाज करू शकतो. संचालकाचे वाद्य म्हणजे शंभर माणसे. ती तरुण पोराला कोण देणार? झुबिन मेहतांच्या चढत्या कारकिर्दीचा इतिहास या प्रश्नाच्या अंगाने वाचला तर जास्त उलगडतो.

त्यांचा जन्म २९ एप्रिल १९३६ रोजी मुंबईतल्या पारशी कुटुंबात झाला. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक. १९३५ साली त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पारशी हौशी वादक, गोव्याचे संगीतकार आणि नौदलाच्या बँडमधले फुंकवाद्यवाले अशी मोट त्यांनी बांधली होती. गोव्यातल्या चर्चशाळांमधून स्वरलिपी वाचायला शिकलेली ही मंडळी हॉटेलांत वाजवीत, हिंदी चित्रपटांतही वाजवीत. या गोवेकरांना आपल्या संगीत-इतिहासात मिळायला हवी तेवढी जागा अजून मिळालेली नाही, असे माझे मत आहे. झुबिन या तालमी ऐकतच वाढले. सोळाव्या वर्षी तर वडिलांच्या वाद्यवृंदाच्या तालमीत संचालनाचा अनुभवही त्यांना मिळाला. व्हिएन्नात जन्मलेल्या मुलालाही ही संधी सहज मिळत नसे.

घरच्यांच्या मनात डॉक्टरकी होती. ती वाट सोडून ते १९५४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, व्हिएन्नाच्या संगीत अकादमीत गेले. तिथे हान्स स्वारोव्स्की हे गुरू लाभले. हातवारे कमी आणि स्वरलिपीच्या बांधणीचा अभ्यास जास्त, ही त्यांची शिस्त. जोडीला झुबिन डबल बास शिकत होते. सहाध्यायी होता क्लाउडिओ अब्बादो, पुढे तोही जगप्रसिद्ध झाला. मोठ्या संचालकांच्या तालमींना विद्यार्थ्यांना प्रवेश नव्हता. या दोघांनी युक्ती काढली आणि गायकवृंदात नाव घातले. गायकवृंद संचालकाच्या समोर उभा असतो. त्यामुळे ब्रूनो वॉल्टर आणि कारायान यांना समोरून न्याहाळता आले. १९५६ च्या उठावानंतर हंगेरीतून निर्वासितांचे लोंढे ऑस्ट्रियात आले, तेव्हा झुबिननी आठवडाभरात विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद जमवून त्यांच्या छावणीत मैफल केली. वाद्य मिळत नाही तर ते जमवायचे, ही वडिलांचीच रीत.

पुढचे पल्ले त्यांनी भराभर गाठले. १९५८ मध्ये लिव्हरपूलची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. बक्षीस म्हणजे तिथल्या वाद्यवृंदात वर्षभर साहाय्यक संचालकपद. त्यानंतर माँट्रियल आणि लॉस एंजेलिस या दोन्ही ठिकाणी ते आधी दुसऱ्याच्या जागी आयत्या वेळी उभे राहिले. १९६१ पर्यंत, पंचविशीतच, व्हिएन्ना, बर्लिन आणि इस्राएल या तिन्ही फिलहार्मोनिकांचे संचालन करून झाले होते. त्याच वर्षी माँट्रियलचे मुख्य पद मिळाले.

लॉस एंजेलिसची गोष्ट थोडी अवघड आहे. तिथे मुख्य संचालक म्हणून गेओर्ग शोल्टी यांची नेमणूक झाली होती. त्यांना न विचारता व्यवस्थापनाने झुबिनना साहाय्यक नेमले, म्हणून शोल्टींनी पदच सोडले. १९६२ मध्ये ते सव्वीस वर्षांच्या झुबिनकडे आले. याला नशीब म्हणायचे तर म्हणा; पण आयत्या वेळी मिळालेल्या दोन-तीन तालमींत अनोळखी वादकांचा विश्वास कमावणे नशिबाने होत नाही.

ऑपेराची परीक्षा निराळी. वादक खाली खड्ड्यात, गायक वर मंचावर अभिनय करीत, आणि गायकाचा श्वास कुठे संपेल हे ओळखून वाद्यवृंदाला थांबवायचे किंवा ओढायचे. आपल्या संगीत नाटकातला ऑर्गनवाला आणि तबलजी नटाकडे डोळे लावून बसत, तसेच काहीसे, फक्त शंभर जणांना घेऊन. झुबिननी ‘तोस्का’ने माँट्रियलला आरंभ केला आणि डिसेंबर १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ‘आईदा’ केला. तेव्हा ते एकोणतीस वर्षांचे होते. पद्मभूषण १९६६ चे.

मुंबईत मागे काय उरले? मेहलीही देश सोडून गेले, आधी मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात, मग अमेरिकेत. लॉस एंजेलिसला १९६४ मध्ये त्यांनी तरुणांचा वाद्यवृंद स्थापन केला आणि तो अनेक वर्षे चालवला. मुंबईला पूर्णवेळ व्यावसायिक सिंफनी वाद्यवृंद मिळाला तो २००६ मध्ये, राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, झुबिन सत्तर वर्षांचे झाले तेव्हा. त्यातले बरेचसे वादक कझाकस्तानातून आणावे लागले.