विनोदाचा रंगमंच आणि रहस्यकथेचा न्याय : बेन एल्टन यांच्या कादंबऱ्यांतील उत्तरदायित्वाचा प्रश्न

विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत ब्रिटनमध्ये विनोदी सादरीकरणातून नावारूपाला आलेले अनेक कलावंत कादंबरीकडे वळले. वळताना त्यांपैकी बहुतेकांनी आत्मपर किंवा सामाजिक वास्तववादी कादंबरी निवडली नाही. रहस्य, विज्ञान, हेरगिरी, भय अशा रूढ संकेतांनी बांधलेल्या लोकप्रिय प्रकारांची वाट धरली. केंब्रिज विद्यापीठाच्या 'फूटलाइट्स' या नाट्यमंडळातून पुढे आलेल्या डग्लस अ‍ॅडम्स (१९५२–२००१) यांची 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' ही श्रुतिका १९७८ मध्ये बीबीसी रेडिओवरून प्रसारित झाली आणि १९७९ मध्ये तिला कादंबरीरूप मिळाले. १९९६ या एकाच वर्षी स्टीफन फ्राय यांची पर्यायी इतिहासावर बेतलेली 'मेकिंग हिस्टरी', ह्यू लॉरी यांची हेरकथेचे विडंबन करणारी 'द गन सेलर' आणि बेन एल्टन यांची 'पॉपकॉर्न' अशा तीन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. पुढे मार्क गेटिस यांची 'द व्हेसुव्हियस क्लब' (२००४) आणि किशोरवयीन जेम्स बाँडची कथा सांगणारी चार्ली हिग्सन यांची 'सिल्व्हरफिन' (२००५) ही याच परंपरेत आली.

या स्थित्यंतराची दोन स्पष्टीकरणे सहज सुचतात. पहिले बाजारपेठेचे : दूरचित्रवाणीवरील परिचित चेहरा मुखपृष्ठावर असला की पुस्तक खपते. दुसरे ऱ्हासाचे : रंगमंचावर धारदार असलेला उपहास पुस्तकात शिरताच रंजनाच्या पातळीवर उतरतो. दोन्हींत काही तथ्य असले तरी या कलावंतांनी नेमके हेच वाङ्मयप्रकार का निवडले, या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळत नाही. एल्टन यांच्या लेखनाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. रहस्यकथेला अखेरीस एक गुन्हेगार दाखवावा लागतो. जनमाध्यमांच्या संस्कृतीत मात्र दोष इतक्या जणांत वाटला जातो की तो कोणाचाच राहत नाही. एल्टन यांच्या महत्त्वाच्या कादंबऱ्या या विसंगतीवर उभ्या आहेत आणि म्हणूनच त्यांतील रहस्यकथेचा साचा हा केवळ वेष्टन ठरत नाही.

१. रंगमंच

एल्टन यांचा जन्म १९५९ मध्ये लंडन येथे झाला. त्यांचे वडील लुईस एल्टन हे भौतिकशास्त्रज्ञ आणि उच्च शिक्षणाचे अभ्यासक होते. नाझी राजवटीच्या छायेतून निसटून १९३९ मध्ये इंग्लंडमध्ये आलेल्या ज्यू कुटुंबातले. ट्यूडरकालीन इंग्लंडचे इतिहासकार जी. आर. एल्टन हे बेन यांचे काका. मँचेस्टर विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकत असताना त्यांचा रिक मेयॉल आणि एड्रियन एडमंडसन यांच्याशी परिचय झाला.

मे १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या आणि त्याच महिन्यात लंडनच्या सोहो भागात 'द कॉमेडी स्टोअर' सुरू झाले. या योगायोगाला पुढे ऐतिहासिक अर्थ प्राप्त झाला. ब्रिटिश कामगार क्लबांतील तोवरचा विनोद बहुतांशी तयार चुटक्यांचा असे. सासू, स्थलांतरित, आयरिश माणूस ही त्याची ठरलेली लक्ष्ये. 'ऑल्टरनेटिव्ह कॉमेडी' म्हणजे पर्यायी विनोद या नावाने ओळखल्या गेलेल्या नव्या पिढीने हा साठा नाकारला. दुबळ्यावर हसायचे नाही, हसायचे ते सत्तेवर, असा तिचा नैतिक दंडक होता. चुटका सर्वांच्या मालकीचा असतो आणि सांगणारा त्याला बांधील नसतो. नव्या विनोदकाराचे निवेदन मात्र 'मी' या सर्वनामावर उभे होते. जे बोलले जाई त्याला बोलणारा उत्तरदायी होता. झगमगता कोट घालून वाऱ्याच्या वेगाने बोलणारे एल्टन हे या पद्धतीचे सर्वांत परिचित रूप झाले. चॅनल ४ वरील 'सॅटर्डे लाइव्ह' आणि १९८८ मधील 'फ्रायडे नाइट लाइव्ह' या कार्यक्रमांनी त्यांना घरोघरी पोहोचवले.

याच काळात त्यांचे दूरचित्रवाणी-लेखनही चालू होते. मेयॉल आणि लिझ मेयर यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या 'द यंग वन्स' (१९८२–८४) या मालिकेचे नावच मुळी क्लिफ रिचर्ड यांच्या १९६१ च्या चित्रपटावरून घेतलेले. चार विद्यार्थ्यांच्या गलिच्छ घराची ही गोष्ट मध्येच थांबे आणि एखादे बँड त्या घरात गाऊन जाई. लोकप्रिय संस्कृती ही येथे पार्श्वभूमी नसून पात्रांची मातृभाषा होती. तिच्याविषयीचा जिव्हाळा आणि तिच्याविषयीचा संशय हे दोन्ही एल्टन यांच्या लेखनात आरंभापासून बरोबरीने नांदतात. रिचर्ड कर्टिस यांच्यासह लिहिलेल्या 'ब्लॅकॅडर'च्या तीन पर्वांपैकी शेवटचे, पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत घडणारे पर्व १९८९ मध्ये प्रसारित झाले. एल्टन यांची पहिली कादंबरीही त्याच वर्षाची.

२. कल्पिताकडून कथेकडे

'स्टार्क' (१९८९), 'ग्रिडलॉक' (१९९१) आणि 'धिस अदर ईडन' (१९९३) या पहिल्या तीन कादंबऱ्यांचे आशयसूत्र पर्यावरणाचा विनाश हे आहे. 'स्टार्क'मध्ये जगातील अतिश्रीमंतांचा एक गट मरणासन्न पृथ्वी सोडून अवकाशात पळून जाण्याचा कट रचतो. 'धिस अदर ईडन'मध्ये प्रत्येक कुटुंबाला प्रलयानंतर जगता येईल असे बंदिस्त कृत्रिम पर्यावरण बाजारात विकले जाते आणि ते विकत मिळते म्हणूनच खरी पृथ्वी वाचवण्याची निकड ओसरते. या कादंबऱ्यांची घडण रंगमंचीय विनोदाच्या जवळची आहे. आरंभी एक अतिशयोक्त कल्पित मांडायचे आणि तर्काने ते शेवटच्या टोकापर्यंत न्यायचे, ही एकपात्री विनोदकाराचीच रीत. निवेदकही वारंवार कथा थांबवून वाचकाशी थेट बोलतो.

मर्यादाही तेथेच आहे. या कथांत दोषी कोण हे पहिल्या पानापासून ठाऊक असते. भांडवलदार कट रचतात, सामान्य माणसे त्यांच्याविरुद्ध उभी राहतात. वाचक आपोआप निर्दोषांच्या बाजूला बसतो. रंगमंचावर हशा आणि टाळी यांतून तयार होणारी ही सहमती कादंबरीत सुखावह असली तरी वाचकापुढे प्रश्न उभा करीत नाही.

३. 'पॉपकॉर्न' : दोषी कोण?

१९९४ मध्ये क्वेंटिन टॅरँटिनो यांचा 'पल्प फिक्शन' आणि त्यांच्याच मूळ कथेवरून ऑलिव्हर स्टोन यांनी केलेला 'नॅचरल बॉर्न किलर्स' हे चित्रपट प्रदर्शित झाले. पडद्यावरील हिंसेचे अनुकरण होते काय, हा जुना वाद पुन्हा पेटला. एका गोळीबाराचे उत्तरदायित्व 'नॅचरल बॉर्न किलर्स'च्या निर्मात्यांवर टाकणारा दावा लुइझियाना राज्यात चालला आणि २००१ मध्ये तो फेटाळला गेला. अशा वातावरणात 'पॉपकॉर्न' (१९९६) आली.

कादंबरीचा नायक ब्रूस डेलामिट्री हा हिंसेला सौंदर्याचे वलय देणारा हॉलीवूडचा दिग्दर्शक आहे. ऑस्कर मिळाल्याच्या रात्रीच वेन आणि स्काउट हे खुनी जोडपे त्याच्या घरात शिरून त्याला ओलीस धरते. त्यांची मागणी पैशाची नाही. आमच्या खुनांना तुझे चित्रपट कारणीभूत आहेत, असे ब्रूसने थेट प्रक्षेपणात सांगावे, म्हणजे आपली मृत्युदंडातून सुटका होईल, असा त्यांचा हिशेब आहे. कलावंत स्वतःला समाजाचा आरसा म्हणवून घेतो आणि खुनी स्वतःला कलेचे अपत्य म्हणवून घेतो. दोघांच्याही युक्तिवादाची घडण एकच आहे, हे दाखवण्यात एल्टन यांचे खरे कसब दिसते.

कळसाच्या प्रसंगी वेन आणखी एक पाऊल टाकतो. पाहणाऱ्यांनी आपापले दूरचित्रवाणी संच बंद केले तर ओलिसांचे प्राण वाचतील, असा प्रस्ताव तो मांडतो. संच बंद होत नाहीत. येथे आरोप दिग्दर्शकाकडून प्रेक्षकाकडे सरकतो आणि प्रेक्षकाकडून, हे सारे उत्सुकतेने वाचणाऱ्या वाचकाकडे. शेवटी जो तो दुसऱ्यावर खटला भरतो. दोष स्वीकारायला कोणीही तयार नसतो. रहस्यकथेतील 'खुनी कोण' हा प्रश्न येथे पूर्णपणे उलटलेला आहे. खुनी पहिल्यापासून माहीत आहेत. शोध आहे तो उत्तरदायित्वाचा, आणि तो निष्फळ ठरतो.

ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनने 'पॉपकॉर्न'ला १९९६ चा 'गोल्ड डॅगर' पुरस्कार दिला. तिच्या नाट्यरूपाला १९९८ मध्ये सर्वोत्कृष्ट विनोदी नाटकाचा लॉरेन्स ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला. एकाच संहितेला रहस्यलेखकांनी रहस्यकथा म्हणून आणि रंगभूमीने प्रहसन म्हणून गौरवावे, ही घटना तुलनाकारांनी लक्षात घेण्याजोगी आहे. दोन्ही प्रकारांची यंत्रणा एकच आहे : माहिती राखून ठेवणे आणि योग्य क्षणी ती उघड करणे. हशाचा क्षण आणि उलगड्याचा क्षण यांचे हे सख्य एल्टन यांना रंगमंचाने शिकवले होते.

४. तीस कॅमेऱ्यांपुढचा खून

'बिग ब्रदर' हा कार्यक्रम १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाला आणि २००० मध्ये ब्रिटनमध्ये आला. पुढच्याच वर्षी एल्टन यांची 'डेड फेमस' (२००१) प्रसिद्ध झाली. दहा स्पर्धक, तीस कॅमेरे आणि त्या कॅमेऱ्यांसमक्ष एक खून, अशी तिची मांडणी आहे. बंद खोलीतील खून हा रहस्यकथेचा जुना संकेत. येथे खोली बंद आहे, पण सारे जग आत पाहते आहे. मारेकऱ्याबरोबरच बळी कोण हेही एल्टन दीर्घकाळ दडवून ठेवतात. त्यामुळे प्रत्येक स्पर्धकाकडे पाहताना वाचक 'हा मरेल काय' असा विचार करू लागतो, म्हणजे बाद होणाऱ्या स्पर्धकाची वाट पाहणाऱ्या प्रेक्षकाच्याच भूमिकेत जातो. तपास करणारा कोलरिज हा हौशी रंगभूमीची आवड असलेला जुन्या वळणाचा पोलीस अधिकारी आहे. चित्रफितींचे ढीग पाहताना त्याच्या लक्षात येते, की दिसते ते घडलेले नसून संकलित केलेले आहे.

हाच धागा 'चार्ट थ्रोब' (२००६) मध्ये गायनस्पर्धेच्या कार्यक्रमापर्यंत जातो. तेथे खून नाही. पण कोणाला हास्यास्पद ठरवायचे आणि कोणाला हुंदका द्यायला लावायचे, हे निर्माते आधीच ठरवतात. भारतीय वाचकाला हे जग परके नाही. 'इंडियन आयडॉल' २००४ मध्ये, 'बिग बॉस' २००६ मध्ये आणि मराठी 'बिग बॉस' २०१८ मध्ये सुरू झाले. २००७ च्या आरंभी शिल्पा शेट्टी यांना ब्रिटनच्या 'सेलिब्रिटी बिग ब्रदर'मध्ये वंशद्वेषी शेरेबाजी सहन करावी लागली, तेव्हाही दोष बोलणाऱ्यांचा, दाखवणाऱ्यांचा की पाहणाऱ्यांचा, हाच वाद दोन्ही देशांत झाला. 'डेड फेमस'ने सहा वर्षांपूर्वी हाच प्रश्न रहस्यकथेच्या रूपात विचारला होता.

५. एक खून आणि असंख्य मृत्यू

'द फर्स्ट कॅज्युअल्टी' (२००५) वरवर पाहता या मालिकेबाहेरची वाटते. १९१७ च्या पाशनडेल लढाईच्या काळात एका अधिकाऱ्याच्या खुनाचा तपास करण्यासाठी डग्लस किंग्स्ली या पोलीस अधिकाऱ्याला फ्लँडर्समध्ये पाठवले जाते. युद्धात भाग घेण्यास नकार दिल्याबद्दल तो कारावासात असतो. त्याचा विरोध भावनेतून नसून तर्कातून आलेला आहे. जेथे रोज असंख्य माणसे मरतात तेथे एका माणसाचा मारेकरी शोधण्याला काय अर्थ आहे? किंग्स्लीची निष्ठा अशी, की एका मृत्यूचा जाब मागणे सोडून दिले तर उरलेल्यांचा जाब मागण्याचा अधिकारही संपतो. 'ब्लॅकॅडर'मध्ये हशाच्या शेवटी आलेली शांतता येथे तपासाच्या रूपाने परत येते. रहस्यकथेचा आग्रह, की प्रत्येक मृत्यूला कर्ता असतोच, येथे नैतिक आग्रह बनतो.

दोषही नोंदवायला हवेत. एल्टन यांची पात्रे पुष्कळदा मतांची वाहक होतात. संवाद एकपात्री भाषणाकडे झुकतात. रंगमंचावर आवाजाने सावरली जाणारी पुनरुक्ती कागदावर उघडी पडते. खासगीपणा हाच गुन्हा ठरलेल्या भविष्यकाळाचे 'ब्लाइंड फेथ' (२००७) मधील चित्र पाहता पाहता खरे ठरत गेले. पण तेथेही व्यक्तिरेखांपेक्षा कल्पनाच लक्षात राहते.

समारोप

एल्टन यांच्यावर सर्वाधिक झालेला आक्षेप मूल्यच्युतीचा आहे. थॅचरकालीन व्यापारी वृत्तीवर तुटून पडणारा विनोदकार पुढे क्वीन या बँडच्या गाण्यांवर बेतलेल्या 'वुई विल रॉक यू' या संगीतनाटकाचा लेखक झाला. २००२ ते २०१४ अशी बारा वर्षे ते लंडनच्या डोमिनियन नाट्यगृहात चालले. यंत्रनिर्मित संगीताविरुद्ध उठलेल्या बंडाची ही कथा स्वतः बाजारपेठेचे मोठे यश ठरली, ही विसंगती नाकारता येत नाही.

परंतु ती कादंबऱ्यांच्या बाहेर राहिलेली नाही. ब्रूस डेलामिट्री हा आपल्या माध्यमावर जीव टाकणारा आणि त्याच्या परिणामांपासून हात झटकणारा कलावंत आहे. ज्या संस्कृतीने एल्टन यांना घडवले तिच्यावरचा आरोप त्यांनी तिच्याच साधनांनी मांडला आहे. लोकप्रिय संस्कृतीचा टीकाकार तिच्या बाहेर उभा असतो, हे गृहीत धरून केलेले मूल्यमापन अशा लेखनाला लागू पडत नाही. 'लोकप्रिय' आणि 'अभिजात' अशा दोन कप्प्यांत वाङ्मयाची वाटणी करणाऱ्या तुलनाकारालाही ते अडचणीत टाकते. रंगमंचावर 'मी' म्हणून उभा राहिलेला विनोदकार आपल्या शब्दांची जबाबदारी घेत होता. कादंबरीत तो 'मी' निवेदकामागे गेला, तेव्हा जबाबदारीचा प्रश्न टिकवून धरायला त्याला असा वाङ्मयप्रकार हवा होता, जो उत्तर मिळाल्याखेरीज वाचकाला सोडत नाही. रहस्यकथा हा तसा प्रकार आहे. 'पॉपकॉर्न'च्या शेवटी ती उत्तर देण्याचे नाकारते, तेव्हा हा प्रश्न न्यायालयातून निघून वाचकाच्या घरात, चालू असलेल्या संचापुढे येऊन थांबतो.