कोबुर्गच्या किल्ल्यातून चार वर्षांच्या मुलाला पत्र

१/ स्वर्ग कसा असतो, हे चार वर्षांच्या मुलाला कसे सांगावे? जून १५३० मध्ये मार्टिन ल्यूथरने या प्रश्नाचे उत्तर एका पत्रातून दिले. बारा वर्षांनी त्याच्याच घरात त्या उत्तराची कसोटी लागली.

२/ तेव्हा ल्यूथर कोबुर्गच्या किल्ल्यात होता. ऑग्सबुर्ग येथे सम्राटाची धर्मसभा भरली होती. पण १५२१ पासून साम्राज्याने बहिष्कृत ठरवल्यामुळे त्याला तेथे जाता येत नव्हते. जूनच्या आरंभी वडिलांच्या मृत्यूची वार्ता आली. स्तोत्रसंहिता हाती घेऊन तो खोलीत गेला आणि रडला.

३/ दोन आठवड्यांनी, १९ जूनला, त्याने धाकट्या हान्सला पत्र लिहिले. त्यात एक बाग आहे. सोनेरी अंगरखे घातलेली मुले तेथे सफरचंदे, नाशपाती, चेरी वेचतात. सोन्याचे लगाम आणि चांदीचे खोगीर असलेली तट्टे आहेत. बासऱ्या आणि ढोल आहेत. प्रार्थना, अभ्यास आणि चांगली वागणूक ही प्रवेशाची अट. हान्सने मित्रांना आणि घरातल्या लेना आजीलाही सोबत आणावे, असेही त्यात आहे. नरकाची धमकी मात्र कोठेही नाही.

४/ याच उन्हाळ्यात कोबुर्गमध्ये ल्यूथरने ‘परगेटरी’ नाकारणारी पुस्तिका लिहिली. परगेटरी म्हणजे स्वर्गात जाण्यापूर्वी आत्मा शुद्ध होण्याची अवस्था. मृतांसाठी मिस्सा, दानधर्म, प्रार्थना करून तेथील यातना कमी करता येतात, अशी मध्ययुगीन श्रद्धा होती. मागे राहिलेल्यांच्या हाती त्यामुळे काहीतरी कर्तव्य उरत असे. ते हाती होते तोवर शोकालाही वाट होती. ल्यूथरने ती वाट बंद केली आणि केवळ देवाच्या वचनावरचा विश्वास शिल्लक ठेवला.

५/ हा विश्वास पुरेसा होता का? ल्यूथर दांपत्याची मुलगी एलिझाबेथ १५२८ मध्ये तान्हेपणीच वारली होती. १५२९ मध्ये माग्डालेना जन्मली. कोबुर्गमध्ये असताना पत्नी काटारिनाने या बाळाचे चित्र पाठवले, तेव्हा ल्यूथरने ते भिंतीवर लावले होते.

६/ सप्टेंबर १५४२. तेरा वर्षांची माग्डालेना मरणासन्न होती आणि तिला भावाला भेटायचे होते. सोळा वर्षांचा हान्स टोर्गाउ येथे शिकत होता. त्याला आणण्यासाठी ल्यूथरने गाडी धाडली, आणि पत्रात शिक्षकाला विनंती केली की, कारण हान्सला कळू देऊ नये. बागेचे वर्णन करणाऱ्या पित्याला या वेळी मुलाला खरी गोष्ट आधी सांगणे जमले नाही.

७/ २० सप्टेंबरला माग्डालेनाने पित्याच्या कुशीत प्राण सोडला. आपल्याजवळ राहायला आवडेल की स्वर्गातल्या पित्याकडे जायला, असे त्याने तिला विचारले होते. देवाची इच्छा असेल तसे, असे तिने सांगितले. ही नोंद त्याच्या पंक्तीला बसणाऱ्या शिष्यांनी ठेवली आहे. शवपेटीपाशी उभा राहून तो म्हणाला की, आत्म्याने मी आनंदी आहे, देहाने दुःखी.

८/ तीन दिवसांनी मित्र युस्टुस योनास याला लिहिताना त्याने अधिकच मोकळेपणाने कबूल केले. मुलगी सुटली म्हणून देवाचे आभार मानायला हवेत. परंतु वात्सल्य इतके प्रबळ आहे की हुंदक्यांवाचून ते शक्य होत नाही.

९/ टोर्गाउला परतलेला हान्स डिसेंबरमध्ये घराच्या ओढीने व्याकूळ झाला. पित्याचे उत्तर कठोर होते: अश्रू आवर, आजारी नसशील तर तेथेच राहा. स्वतः रडणारा पिता मुलाला मात्र रडू देत नव्हता.

१०/ पुढे १६७१-७२ मध्ये जेम्स जेनवे या इंग्रज प्युरिटन धर्मोपदेशकाने पापाच्या जाणिवेने रडणाऱ्या आणि आनंदाने मरणाऱ्या मुलांच्या कथा छापल्या. १७०० मध्ये बोस्टनला कॉटन मॅदरने त्यांत न्यू इंग्लंडमधील मुलांची भर घातली. तेथे मूलच मरणाचा आदर्श बनले.

११/ ल्यूथरच्या घरची कागदपत्रे तसा आदर्श देत नाहीत. त्यांत एक सुंदर बाग, एक लपवलेले कारण आणि एक न पेललेला शोक आहे. धर्ममताचा इतिहास ग्रंथांत सापडतो. त्या मताने माणसाला किती आधार दिला, हे पाहायचे तर अशी घरगुती पत्रे वाचावी लागतात.