पहिल्या विभागाचा वार

‘दवाखान्यात गेलेली बाळंतीण धड परत येत नाही’, असं आपल्या आज्या-पणज्या म्हणायच्या. आपण हसतो, अडाणी होत्या म्हणून सोडून देतो. आज अशा एका शहराची गोष्ट सांगते, जिथे ही भीती खरी होती.

ऑस्ट्रिया देशाची राजधानी व्हिएन्ना. तिथल्या मोठ्या सरकारी इस्पितळात बाळंतपण फुकट व्हायचं. येणाऱ्या बहुतेक गरीब. कितीतरी जणी लग्नाआधी दिवस गेलेल्या. तिथे बाळंत झालं की मूल अनाथालयात ठेवायची सोय होई, म्हणून यावंच लागे. बाळंतिणींचे विभाग दोन. पहिल्यात डॉक्टर आणि शिकाऊ विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. भरती आज या विभागात, तर उद्या त्या. कळा कोणत्या वारी सुरू होतात, त्यावर बाईचं नशीब.

१८४६ साली पहिल्या विभागात ४०१० बाळंतिणींपैकी ४५९ गेल्या. सुईणींकडे ३७५४ पैकी १०५. बहुतेक बाळंतज्वरानं.

हे आकडे त्या बायकांना कुणी वाचून दाखवले नव्हते, पण गावभर माहीत होतं. पहिल्या विभागाचा वार निघाला की गुडघे टेकून, हात जोडून विनवायच्या, ‘आम्हाला परत जाऊ द्या.’ काही जणी वाटेतच बाळंत व्हायच्या आणि मग बाळ घेऊन इस्पितळात यायच्या. आणि रस्त्यावर बाळंत झालेल्या या बायका पहिल्या विभागातल्यांपेक्षा कमी आजारी पडायच्या!

तिथल्या इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरला हे खटकलं. त्यानं गर्दी पाहिली, हवा पाहिली, बाळंतिणीला झोपवायची पद्धत पाहिली. काही हाती लागेना. मग मार्च १८४७ मध्ये त्याचा एक डॉक्टर मित्र वारला. शवविच्छेदन करताना सुरीचा कट लागला होता, आणि लक्षणं हुबेहूब बाळंतज्वराची. तेव्हा उलगडा झाला. पहिल्या विभागातले डॉक्टर आधी प्रेतं फाडत आणि त्याच हातांनी बायकांना तपासत. सुईणी प्रेतांना शिवत नसत.

मे महिन्यापासून त्यानं सगळ्यांना क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. आपल्या ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत टीसीएल पावडर टाकतो ना, त्याच जातीची ही वस्तू. पुढच्या वर्षी, १८४८ मध्ये, पहिल्या विभागात शंभरामागे जेमतेम सव्वा बाई गेली. सुईणींच्या विभागाइतकीच. पण आपल्याच हातांनी बायका मारल्या, हे मान्य करणं मोठमोठ्या डॉक्टरांना जड गेलं. १८५० साली सेमेलवाइसनं व्हिएन्ना सोडलं. मला वाटतं, त्याच्याही आधी ज्यांनी अचूक ओळखलं होतं, त्या गुडघे टेकणाऱ्या बायकांचं नाव कुणी घेत नाही.

आपल्याकडे अडचण आणखी एक होती: पुरुष डॉक्टर. परक्या पुरुषापुढे बाळंत होण्यापेक्षा घरातली अंधारी खोली बरी, असं बायकांना वाटे. म्हणून १८८६ साली मुंबईत कामा हॉस्पिटल उघडलं, बायकांसाठी आणि बायकांनीच चालवलेलं. एडिथ पेची ही इंग्रज डॉक्टरीण त्यासाठीच मुंबईत आली होती.

आपल्या मुंबईच्या रखमाबाई लंडनहून डॉक्टर होऊन आल्या आणि सुरतेच्या बायकांच्या इस्पितळात रुजू झाल्या. आता बाई डॉक्टर होती, तरी बाळंतपणाला कुणी येईना. इस्पितळाची धास्ती ती धास्तीच. रखमाबाईंनी काय केलं, ते अजून सांगतात. त्यांनी कुणाला अडाणी म्हटलं नाही. एक गाभण शेळी इस्पितळात आणून ठेवली. ती तिथेच व्याली. शेळी आणि पिल्लं सुखरूप आहेत, हे बायकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं. मग हळूहळू एकेक जण यायला लागली.