गाणे नेमके कोणाचे?

रॉक आणि मेटल संगीताचे नाव काढले की आपल्या मंडळातली निम्मी माणसे कानावर हात ठेवतात. त्यांना माझी एवढीच विनंती आहे, की पाच मिनिटे तो आवाज विसरा आणि त्यामागचा इतिहास ऐका. दुसऱ्याचे गाणे आपल्या पद्धतीने पुन्हा सादर करणे, ज्याला इथे 'कव्हर' म्हणतात, ते आपल्याला नवीन नाही. एकच बंदिश ग्वाल्हेरवाले एका अंगाने मांडतात, किराणावाले दुसऱ्या. त्याला आपण चोरी म्हणत नाही.

मास्टर्स करायला अमेरिकेत आलो तेव्हा रूममेटच्या सीडींच्या ढिगातून हे संगीत माझ्या कानावर पडले. गंमत अशी, की जे गाणे आवडावे ते मुळात दुसऱ्याच कोणाचे तरी निघायचे! तेव्हापासून मूळ शोधायचा नाद लागला.

या शोधात आधी कायदा समजून घ्यावा लागला. अमेरिकेतल्या १९०९ च्या कॉपीराइट कायद्याने एक वाट मोकळी केली. रचनाकाराच्या संमतीने गाणे एकदा मुद्रित झाले, की पुढे कोणीही ते आपल्या पद्धतीने मुद्रित करू शकतो. फक्त ठरावीक रक्कम द्यायची. तेव्हाचा दर होता प्रतीमागे २ सेंट. हे पैसे ज्याच्या नावावर रचना आहे त्याला मिळतात, आधी गाऊन गेलेल्याला नाही. म्हणजे तबकडीवरच्या त्या बारीक अक्षरांतल्या नावाला केवढे मोल!

आता माझे पहिले आवडते गाणे, 'हाउस ऑफ द रायझिंग सन'. न्यू ऑर्लिन्समधल्या एका बदनाम घराचे हे लोकगीत. १९३३ मध्ये क्लॅरेन्स ॲशलीने ते मुद्रित केले, पण लोकांच्या तोंडी ते त्याच्याही आधीपासून होते. १९३७ साली लोकगीतांचे संग्राहक ॲलन लोमॅक्स केंटकीतल्या मिडल्सबरो गावी गेले. तिथे जॉर्जिया टर्नर या १६ वर्षांच्या, खाणकामगाराच्या मुलीने त्यांना ते म्हणून दाखवले. लोमॅक्स यांनी ते १९४१ मध्ये पुस्तकात छापले. पुढे न्यूयॉर्कमध्ये डेव्ह व्हॅन रॉन्क ते आपल्या ढंगात गाऊ लागला, आणि ती मांडणी उचलून बॉब डिलनने १९६१ मध्ये ते मुद्रित केले.

मग १९६४ साली न्यूकॅसलच्या 'द ॲनिमल्स' या पाच पोरांनी त्याला इलेक्ट्रिक गिटार आणि ऑर्गनची जोड दिली. एका दमात मुद्रित झालेले हे साडेचार मिनिटांचे गाणे ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेले. परंपरागत गाण्याला ज्ञात कवी नसतो, त्यामुळे श्रेय गेले संगीत संयोजकाला. लेबलवर नाव लागले फक्त ऑर्गनवादक ॲलन प्राइसचे. एवढ्या एका नावावरून बँडमध्ये अढी बसली. आणि जॉर्जिया? ती १९६९ मध्ये वारली. त्या तबकडीवर तिचे नाव कुठेच नव्हते.

याच्या उलट उदाहरण 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'चे. १९२७ मध्ये मिसिसिपी नदीचे बांध फुटले आणि सुमारे २७ हजार चौरस मैल प्रदेश पाण्याखाली गेला. लाखो लोक बेघर झाले; कृष्णवर्णीय मजुरांना तर जबरदस्तीने बांधावर राबवले गेले. दोनच वर्षांनी, १९२९ मध्ये, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय या पतिपत्नींनी दोन गिटारींवर त्या पुराचे गाणे मुद्रित केले. १९७१ मध्ये 'लेड झेपेलिन'ने ते इंग्लंडमधल्या एका जुन्या वास्तूत नव्याने उभे केले. ड्रम खाली प्रवेशदालनात आणि मायक्रोफोन वर जिन्यात! जॉन बॉनमचे ते ठोके ऐकताना पाणी बांधावर आदळते आहे असेच मला वाटते. श्रेयनामावलीत चौघांबरोबर मेम्फिस मिनीचेही नाव आहे. हा बँड प्रत्येक वेळी इतका प्रामाणिक नव्हता. 'होल लॉटा लव्ह'बद्दल विली डिक्सनला १९८५ मध्ये कोर्टात जावे लागले, १९८७ मध्ये तडजोड झाली आणि नंतर त्याचे नाव लागले. मिनी १९७३ मध्ये गेली. तिच्या कबरीवर नावाचा दगड बसला तो १९९६ मध्ये, तोही गायिका बॉनी रेट हिने खर्च केला म्हणून.

तिसरे गाणे अस्सल मेटलचे. इंग्लंडच्या 'डायमंड हेड' या बँडने १९८० मध्ये आपला पहिला अल्बम कोऱ्या पांढऱ्या वेष्टनात स्वतःच काढला. त्यातले 'ॲम आय ईव्हिल' हे गाणे 'मेटॅलिका'ने १९८४ मध्ये वाजवले आणि नाव मूळ रचनाकारांचेच ठेवले. डायमंड हेड फार मोठा झाला नाही, पण मेटॅलिकाच्या या रॉयल्टीने आपल्याला तगवले, असे त्याचा गिटारवादक ब्रायन टॅटलर सांगतो. पूर्वसूरींचे ऋण फेडणे म्हणजे आणखी काय असते?

माझ्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही हीच रीत आहे. ओपन सोर्समध्ये दुसऱ्याचा कोड घ्या, बदला, वाढवा. पण वर लिहिलेले मूळ लेखकाचे नाव पुसायचे नाही.

हे सगळे सांगायचे कारण आपल्या घरातलेच आहे. इथे वाढलेली आपली मुले गणेशोत्सवात जुनी भावगीते गिटार आणि ड्रमवर वाजवू पाहतात, तेव्हा प्रेक्षकांतून हमखास कुजबुज होते, की चांगल्या गाण्याची वाट लावली. मला वाटते, वाजवू द्यावे. ज्या गाण्याला पुन्हा कोणी हात लावत नाही, ते वहीतच राहते. मात्र आकाशवाणीवर गाण्याबरोबर गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नावे सांगत, तो शिरस्ता मुलांना जरूर शिकवावा. निवेदनाला फार तर अर्धा मिनिट जास्त लागेल. जॉर्जिया टर्नरच्या वाट्याला तो अर्धा मिनिट कधी आला नाही.