फीड-पाइप आणि 1943 चा कायदा

बाबासाहेबांच्या मजूरमंत्रिपदाविषयी आपल्या अभ्यासशिबिरांत बोलले जाते ते कामाच्या तासांवर आणि खाणीतील स्त्रियांच्या प्रसूतिलाभावर. 1943 च्या बॉयलर दुरुस्ती कायद्याचे नाव कोणी काढत नाही. माझे वडील साखर कारखान्यात बॉयलरवर फायरमन होते. त्यामुळेही असेल, मला तो कायदा विसरता येत नाही.

1863 साली कलकत्त्यात बॉयलर फुटला, माणसे मेली. पुढच्याच वर्षी बंगालने तपासणीचा कायदा केला, तोही शहर आणि उपनगरांपुरता. मग निरनिराळ्या प्रांतांचे निरनिराळे कायदे झाले. 1923 साली साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एक कायदा आला. त्याने बॉयलर आणि त्याला जडलेली फिटिंग्ज पाहिली, वाफ नेणारा नळ पाहिला. पाणी आत आणणारा नळ, म्हणजे फीड-पाइप, त्याच्या व्याख्येत नव्हता. वाफ मालकाच्या यंत्राकडे जाते. फीडचा व्हॉल्व्ह लँकेशायर बॉयलरला पुढच्या अंगाला असतो, आणि तिथेच भट्टीच्या तोंडाशी फायरमन उभा असतो.

या नळाचे महत्त्व वडील फार सोपे करून सांगत. आतल्या दाबाहून अधिक दाबाने पंप पाणी ढकलतो. पंप थांबला की बॉयलरमधले उकळते पाणी उलटे फिरू पाहते. तेव्हा चेक व्हॉल्व्ह आपोआप मिटला पाहिजे. तो अडकला तर पाण्याची पातळी उतरते, भट्टीवरचा पत्रा उघडा पडतो, लाल होतो, मऊ पडतो आणि दाबाखाली बसतो. चेक व्हॉल्व्ह आणि बॉयलर यांच्यामध्ये आणखी एक स्टॉप व्हॉल्व्ह असतो, तो बंद करून बॉयलर न विझवता चेक व्हॉल्व्ह उघडता यावा म्हणून. आणि नळच फुटला तर समोरच्या माणसाला पळायलाही अवधी मिळत नाही.

1943 च्या 17 व्या कायद्याने फीड-पाइपची व्याख्या घातली. वाफेच्या नळाविषयीच्या तरतुदी त्यालाही लावल्या. तपासणी तिथवर पोहोचली. मजूर खाते तेव्हा बाबासाहेबांकडे होते. गिरणीत विणखात्याचे दार अस्पृश्यांना बंद आहे, हे 1928 च्या संपाच्या वेळी ज्यांनी ठासून मांडले, त्यांच्याच खात्याच्या काळात एका नळाचे हे कलम झाले. आमच्या चरित्रकारांना ते रूक्ष वाटले असावे.

1923 चा कायदा जाऊन आता 2025 चा आला आहे. माझ्या वर्गात मी दोन्ही शेजारी ठेवतो आणि भट्टीपुढचा माणूस कोणत्या कलमात येतो, ते शोधायला सांगतो.